एकाचे इंजिन बसले तर नशीब, दहांचे बसले तर दोष कोणाचा?

शेतकरी बंधूंनो, पेरलेले सोयाबीन उगवले नाही तर तुम्ही काय करता? तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज देता. तक्रार निवारण समिती शेतात येते, उगवण मोजते, पंचनामा करते. पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवा, असे आम्ही विस्ताराचे लोक दर खरिपात सांगतो. आता ते तुम्हाला पाठही झाले आहे. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला, तेव्हा त्यांची दखल घ्यावीच लागली. कारण तक्रारी एकट्यादुकट्याच्या नव्हत्या आणि त्या कागदावर होत्या.

आता दुसरा प्रश्न. कर्ज काढून घेतलेल्या ट्रकचे, पिकअपचे इंजिन दीड-दोन वर्षांत बसले तर? तर आपण गाडी ओढत मिस्त्रीकडे नेतो आणि कपाळाला हात लावून बसतो. मिस्त्री म्हणतो, “ऑइल टाइमावर बदललं नसन.” शोरूमवाला म्हणतो, “तुमच्या ड्रायव्हरने गाडी गरम ओढली.” घरची मंडळी म्हणतात, “गाडी लाभलीच नाही.” कंपनीनेच इंजिन चुकीचे आखले असेल, हे मात्र कोणी म्हणत नाही. बिल आपण भरतो, हप्ताही आपणच भरतो. ऐन कापसाच्या हंगामात गाडी उभी राहते, ते नुकसान वेगळेच.

दोष दोन प्रकारचे असतात, हे आधी समजून घ्या. कारखान्यात एखाद्या गाडीचा बोल्ट नीट आवळला गेला नाही, तर तो त्या एका गाडीचा दोष. पण आखणीतच चूक असेल, तर त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत ती चूक आहे. वाईट असे की हा दुसरा दोष एका गाडीकडे पाहून ओळखू येत नाही. एकच भाग, साधारण तेवढ्याच किलोमीटरला, दहा गाड्यांमध्ये गेला की मगच तो दिसतो. आपल्याकडे त्या दहा गाड्या दहा गावांत उभ्या असतात आणि दहाही मालक आपापल्या नशिबाला बोल लावत बसतात.

अमेरिकेतील नेव्हीस्टार या ट्रक कंपनीचे उदाहरण पाहा. तिथे २०१० मध्ये धुराचे नियम कडक झाले. इतर कंपन्यांनी बाहेर पडणाऱ्या धुरावर युरियाचे द्रावण फवारून विषारी वायू कमी करण्याची पद्धत घेतली. नेव्हीस्टारने ठरवले, युरिया नको. धुराचाच जास्तीचा भाग थंड करून पुन्हा इंजिनात फिरवू. या पद्धतीला ईजीआर म्हणतात. काजळी साचते, कूलर फुटतात, गाड्या पुन्हा पुन्हा वर्कशॉपला लागतात, अशा मालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. २०१२ मध्ये कंपनीने स्वतःच युरियाची पद्धत स्वीकारण्याचे जाहीर केले. ११ आणि १३ लिटरच्या मॅक्सफोर्स इंजिनांचे २०११ ते २०१४ मॉडेलचे ट्रक ज्यांनी घेतले, त्यांच्या वतीने एकत्र दावा चालला. कंपनीने दोष कबूल केला नाही. पण रोख रक्कम आणि नव्या ट्रकवरील सूट मिळून साडेतेरा कोटी डॉलरची तडजोड झाली. २०२० मध्ये न्यायालयाने तिला अंतिम मंजुरी दिली. एकेकटा मालक गेला असता तर त्यालाही “ऑइल टाइमावर बदललं नसन” हेच ऐकावे लागले असते.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. ईजीआर, काजळीची जाळी, सेन्सर हे सगळे आता आपल्याही गाडीत आहे. गाव ते बाजार समिती अशा छोट्या फेऱ्यांत, पांदण रस्त्यावर हळू चालणाऱ्या गाडीची जाळी तापत नाही आणि काजळीने तुंबते. गाडी खेड्यात विकायची तर ती खेड्यातल्या चालीला टिकली पाहिजे, एवढे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे.

मात्र प्रत्येक बिघाड कंपनीच्या माथी मारू नका. मोठ्या ट्रकच्या युरिया टाकीत काही जण खताचा युरिया पाण्यात कालवून ओततात. हे साफ चूक आहे. गाडीचे द्रावण ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे आणि क्षार काढलेल्या पाण्याचे असते. आपल्या खताला निंबोळी तेलाचा लेप असतो, त्याने यंत्रणा खराब होते आणि वॉरंटीही हातची जाते. शिवाय अनुदानाचे खत शेतीबाहेर वापरणे हा गुन्हा आहे. आपली बाजू स्वच्छ असेल तरच दुसऱ्याचा दोष दाखवता येतो.

आता कायद्याचे. “ट्रक धंद्याचा, मग आपण ग्राहक कसे?” असे विचारले जाते. याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या उद्योगाने घेतलेले यंत्र नीट चालले नाही. राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती रद्द केली आणि ४ एप्रिल १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही, ही खरेदी व्यापारी कारणासाठी होती, असाच निकाल दिला. पण त्याच निकालात लहान माणसाची सोय आहे. जो पोटासाठी ट्रक घेऊन स्वतः चालवतो, तो ग्राहकच. मदतीला एक-दोन माणसे ठेवली तरीही. गाडी पूर्णपणे दुसऱ्याच्याच हाती चालवायला दिली, तर मात्र तो ग्राहक नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही स्वयंरोजगाराची ही सवलत कायम आहे.

तेव्हा पुढील गोष्टी गाठीला बांधा. सर्व्हिसिंग वेळेवर करा आणि प्रत्येक बिल सांभाळा. वर्कशॉपच्या जॉब कार्डावर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहायला लावा, त्याची प्रत घ्या. फुटलेला भाग भंगारात देऊ नका; तो म्हणजे तुमच्या बियाण्याची पिशवी आहे. इंजिन खोलण्याआधी फोटो काढा आणि जाणकाराचा लेखी अभिप्राय घ्या, कारण आयोगापुढे पुरावा लागतो. डीलर आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टाने कळवा. गोव्यातील एका ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले की, डीलरच्या चुकीला कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही. म्हणून कोणाचे काय चुकले ते वेगवेगळे लिहा. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. ५० लाखांपर्यंत किमतीच्या मालाची तक्रार अमरावतीच्या जिल्हा आयोगात चालते आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकटे जाऊ नका. सारखेच नुकसान झालेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करता येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली. पर्यावरणाला, चालकाला किंवा रस्त्यावरच्या माणसाला धोका करणारा दोष ठराविक टक्के मालकांनी कळवला, तर केंद्र सरकार कंपनीला तसा आदेश देऊ शकते. म्हणजे कायदासुद्धा डोकी मोजतो.

ही मोजणी गावातच सुरू होऊ शकते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना माझी विनंती आहे की एक साधी वही ठेवा. गाडीचे मॉडेल, घेतल्याची तारीख, कोणता भाग किती किलोमीटरला गेला आणि खर्च किती, एवढे पाच रकाने पुरेत. चांदूर रेल्वे, धामणगाव, नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांच्या वह्या एकत्र ठेवल्या तर काय दिसेल, याचा विचार करा. आणि शासनाला मागणी अशी की बियाण्याला जशी तालुका समिती आहे, तशीच शेतमाल वाहणाऱ्या गाड्या आणि ट्रॅक्टर यांच्यासाठीही हवी. तीत आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा शिक्षक असावा, परिवहन खात्याचा निरीक्षक असावा आणि तिने इंजिनाचा पंचनामा करावा.

कंपनीकडे इंजिनियर आहेत, वकील आहेत, देशभरातल्या दुरुस्त्यांचा हिशेब आहे. आपल्याकडे तो हिशेब मिस्त्रीच्या पाठ डोक्यात आणि आपल्या रिकाम्या खिशात आहे. तो वहीत उतरवा. या हंगामात ज्याची गाडी बसली असेल त्याने शेजारच्या गावात चौकशी करून पाहावी, तिथेही कोणाचा तोच भाग गेला आहे काय.