‘नाही’ म्हणायला माणसं लागतात

परवा भाचीचा फोन आला. फूड टेक्नॉलॉजी करून नुकतीच नोकरीला लागली आहे, आमच्यासारखीच डोंबिवलीकर. म्हणाली, "मावशी, असोसिएशनची मेंबरशिप घेऊ का गं? पैसे भरायचे आणि रविवारी भाषणं ऐकायची. फायदा काय?"

प्रश्न रास्त होता. फोनवर मी "घे, घे" म्हणून मोकळी झाले, पण खरं उत्तर दिलंच नाही. ते इथे लिहिते.

आमच्या आत्याला अजूनही वाटतं की मी ‘डबे तपासते’. फारसं चुकीचं नाही. २०१२ साली मी एका केटरिंगच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघायचे. क्वालिटी डिपार्टमेंट म्हणजे मी, एक थर्मामीटर आणि एक रजिस्टर. ५ ऑगस्ट २०११ पासून नवा अन्नसुरक्षा कायदा लागू झाला होता, १९५४ चा जुना भेसळ प्रतिबंधक कायदा गेला होता आणि मालकांना लायसन्सचे कागद नीट हवे होते, म्हणून माझी नेमणूक!

त्याच सुमारास हा नवा कायदा समजून घ्यायला मी एका व्याख्यानाला माटुंग्याला गेले. असोसिएशन ऑफ फूड सायंटिस्ट्स अँड टेक्नॉलॉजिस्ट्स ही १९५७ सालची संस्था. मुख्यालय म्हैसूरला, सीएफटीआरआयच्या आवारात, पण मुंबईतही शाखा आहे. व्याख्यानातलं निम्मं डोक्यावरून गेलं. चहाच्या वेळी सगळे एकमेकांना कार्डं देत होते. माझ्याकडे कार्डच नव्हतं, म्हणून मी समोसा घेऊन कोपऱ्यात उभी. तिथे एक निवृत्त सर भेटले. ठाण्याचे निघाले, म्हणून परतीची लोकल एकत्र पकडली. उतरताना त्यांनी माझ्या वहीत स्वतःचा नंबर लिहिला आणि म्हणाले, "अडलं तर फोन कर. वेळ बघू नकोस."

तीनेक महिन्यांनी अडलं.

एका साखरपुड्याची तीनशे पानांची ऑर्डर होती. सकाळी सातला कारखान्यात पोचले तर मसालेभात आदल्या रात्री दहालाच शिजवून ठेवलेला. मोठाले टोप, वर घट्ट झाकणं, अख्खी रात्र तसेच. मधोमध थर्मामीटर खुपसला, ४० अंश. माझ्या पोटात गोळा आला.

मालक म्हणाले, "मॅडम, वास येतोय का? चव घेऊन बघा. एक दणकून वाफ देऊ आणि पाठवू."

वास खरंच येत नव्हता. चव तर झकास असणार! आणि मी सव्वीस वर्षांची, पगार त्यांच्याकडून घेणारी. पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत होतं, पण त्या क्षणी माझं मलाच खात्रीचं वाटेना.

बाहेर जाऊन सरांना फोन लावला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. कधी शिजला? टोप किती खोल? आता किती अंश? मग म्हणाले, "अगं, वाफेने जंतू मरतील, पण त्यांनी रात्रभरात विष सोडलं असेल तर ते वाफेने जात नाही. दे मालकांना फोन."

यात गूढ काही नाही. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजवला तरी तगून राहतात. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि वाढतात. त्यांचं उलटी घडवणारं विष पुन्हा तापवूनही टिकतं. म्हणून शिजलेलं अन्न एक तर ६० अंशांच्या वर ठेवायचं, नाहीतर झटपट गार करून ५ च्या खाली न्यायचं. खोल टोपातला भात यातलं काहीच करत नाही.

सर मालकांशी पाच मिनिटं बोलले. रागावले नाहीत, कायद्याचा धाकही घातला नाही. म्हणाले, "जेवण एकचं आहे ना? अजून वेळ आहे, नवा भात टाका. आणि यापुढे पहाटे शिजवा. आधी शिजवायचाच असेल तर परातीत पातळ पसरून गार करा आणि लगेच फ्रीजमध्ये." भात फेकला गेला. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. साखरपुडा छान पार पडला आणि कोणालाही काही कळलं नाही.

आमच्या धंद्याचं हेच आहे. काम नीट झालं की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल कोणी शाबासकी देत नाही. म्हणून हा माणूस फार एकटा असतो. ब्रिटनमधल्या स्वच्छता निरीक्षकांनी १८८३ मध्ये संघटना बांधली, अमेरिकेत दुधाच्या निरीक्षकांनी १९११ मध्ये. मला वाटतं त्यांनाही ‘नाही’ म्हणताना पाठीशी कोणीतरी हवं असणार. नेटवर्किंग म्हणजे मला एवढंच समजतं: लाज न बाळगता ज्याला विचारता येईल असा एक नंबर.

आता तक्रार. या सभा बहुतेक मुंबईत, बहुतेक इंग्रजीत. आमच्या डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं आहेत, हजारो घरांची रात्रीची जेवणं त्यांच्यावर चालतात. तिथल्या काकूंना या सभांना कोण बोलावतं? २०१७ पासून सरकारचं फॉस्टॅक प्रशिक्षण आहे, दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित माणूस हवा असा दंडक आहे. चांगलंच आहे. पण प्रशिक्षण संपतं, सर्टिफिकेट भिंतीवर लागतं, आणि पुढच्या आठवड्यात अडलं की विचारायचं कोणाला?

दुसरं म्हणजे अन्नवाले आणि पर्यावरणवाले एकमेकांना ओळखतच नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता, आठवतंय ना? त्याच हवेत आपण पोळ्या लाटतो. पाण्याबद्दल शंका आली तेव्हा मला उत्तर मिळालं ते स्वच्छता निरीक्षकाचा कोर्स केलेल्या एका बाईंकडून, आणि त्या भेटल्या लोकलच्या डब्यात! एवढ्या महत्त्वाच्या ओळखी चौथ्या सीटच्या भरवशावर सोडायच्या का?

मला वाटतं ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा आपला एक लहानसा गट हवा. महिन्यातून एक रविवार, मराठीत, शाल-श्रीफळ वगळून. लॅबवाले, निरीक्षक, केटरर आणि पोळीभाजीच्या काकू एकाच टेबलाशी. प्रत्येकाने आपली एक चूक सांगायची, बस्स.

असो. सर आता नाहीत. त्यांचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे, खोडवत नाही. भाचीला सांगेन, मेंबरशिप घे, भाषणं ऐकली नाहीस तरी चालेल, पण चहाला थांब. आणि कोपऱ्यात कोणी एकटं समोसा खात उभं असेल तर त्याच्या वहीत आपला नंबर लिहून ये.