गोष्ट जुळत नाही तेव्हा

गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या परिचयाच्या कुटुंबातील एक आई आपल्या १७ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ आणि सकाळी उठताना होणारी चिडचिड अशा तक्रारी होत्या. रक्तदाब, दृष्टी, हिमोग्लोबिन, सारे ठीक होते. तेव्हा आईंनी खरे कारण सांगितले. "डॉक्टर, हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर मित्रांशी वाद घालतो. खेळत बसला असता तर एक वेळ समजले असते. हा तर खेळून संपलेल्या व्हिडिओ गेमच्या गोष्टीवरून भांडतो!"

"भांडण कशावरून रे?" मी विचारले. मुलगा क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिला. हा प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारलाच नव्हता. मग म्हणाला, "शेवट आधीच्या गोष्टीशी जुळत नाही, डॉक्टरकाका."

तो 'मास इफेक्ट' या विज्ञानकथेवर आधारलेल्या मालिकेविषयी बोलत होता. तिचे मूळ तीन भाग २००७, २०१० आणि २०१२ साली आले आणि २०२१मध्ये ते नव्या रूपात एकत्र प्रसिद्ध झाले. यात खेळणारा शेपर्ड नावाच्या अधिकाऱ्याची भूमिका घेतो. कोणाला वाचवायचे, कोणाशी तह करायचा, हे निर्णय तोच घेतो आणि पहिल्या भागातील निर्णयांचे परिणाम तिसऱ्या भागापर्यंत पोहोचतात. शेवट ठरावीक दोन-तीन पर्यायांचा नसेल, अशी अपेक्षाही निर्मात्यांनी निर्माण केली होती. मार्च २०१२मध्ये तिसरा भाग आला तेव्हा मात्र अखेरीस तीनच मुख्य मार्ग होते, लाल, निळा आणि हिरवा. दृश्ये पुष्कळशी सारखीच, फरक मुख्यतः रंगाचा. चाहते खवळले.

त्यांचे आक्षेप निव्वळ रुसव्याचे नव्हते. अखेरीस एक पात्र सांगते की, सजीव आणि त्यांनी घडवलेली यंत्रे यांच्यातील संघर्ष अटळ आहे. परंतु त्याच भागात, योग्य निर्णय घेतले असतील तर, 'गेथ' ही यंत्रजात आणि तिचे निर्माते 'क्वेरियन' यांच्यात समेट घडवता येतो. मग संघर्ष अटळ कसा? दुसरा मुद्दा असा की, २०११च्या एका पूरक प्रकरणात ताऱ्यांना जोडणारे एक महाद्वार फुटते आणि भोवतालची संपूर्ण ग्रहमाला नष्ट होते. शेवटी तर अशी सगळीच द्वारे फुटतात. मग वाचले कोण? काही चाहत्यांनी तर एक सविस्तर उपपत्तीच मांडली. तिच्यानुसार अखेरचा प्रसंग प्रत्यक्षात घडतच नाही; तो शत्रूने पछाडलेल्या शेपर्डच्या मनात चाललेला झगडा असतो.

हे ऐकताना मला माझ्याच व्यवसायाची आठवण झाली. रुग्णाची हकीकत ऐकताना आम्हीही हेच करतो. "जेवण अगदी मोजके आहे" असे रुग्ण सांगतो, पण साखरेचा अहवाल दुसरेच बोलतो. न जुळणारी जागा सापडली की तिथून निदानाची वाट सुरू होते. योगायोग असा की, ही मालिका घडवणारी 'बायोवेअर' ही संस्था १९९५मध्ये कॅनडातील एडमंटन येथे ज्यांनी स्थापन केली ते रे म्युझिका, ग्रेग झेशुक आणि ऑगस्टिन यिप हे तिघेही वैद्यकीय पदवीधर होते. त्यांच्या सुरुवातीच्या कामांत वैद्यकीय शिक्षणासाठीचे सॉफ्टवेअरही होते. मालिकेतील एक वैमानिक तर हाडे ठिसूळ असण्याच्या जन्मजात विकारासह जगणारा दाखवला आहे.

चाहत्यांनी निषेध कसा केला, हेही सांगण्यासारखे आहे. काहींनी पैसे जमवून स्टुडिओला तीन रंगांचे सुमारे ४०० कपकेक पाठवले. रंग वेगळे, चव मात्र एकच! काहींनी रुग्णालयांतील मुलांना खेळणी आणि खेळ पुरवणाऱ्या 'चाइल्ड्स प्ले' या धर्मादाय संस्थेसाठी ८० हजार डॉलरच्या आसपास निधी उभा केला. काहींनी मात्र मर्यादा सोडून निर्मात्यांवर वैयक्तिक चिखलफेक केली. जून २०१२मध्ये संस्थेने विस्तारित शेवट विनामूल्य दिला. त्यात द्वारे दुरुस्त होऊ शकतील अशी मोडलेली दाखवली आणि काही प्रश्नांची उत्तरेही दिली. वाद तरीही थांबला नाही.

पालकहो, गोष्टीतील विसंगती शोधणे हा आजार नव्हे. आधीचे विधान लक्षात ठेवणे, पुरावा मांडणे, दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढणे ही बुद्धीची चांगली मशागत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. पण त्याचे निकष कडक आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे आणि यामुळे अभ्यास, नाती, दैनंदिन जीवन यांत लक्षणीय बाधा येणे, हे सर्वसाधारणपणे १२ महिने दिसावे लागते. केवळ तास मोजून हे निदान होत नाही.

झोपेचे मात्र वेगळे आहे. या वयात ८ ते १० तास झोप लागते आणि शरीराचे घड्याळही निसर्गतःच थोडे उशिराकडे सरकलेले असते. त्यात डोळ्यांसमोर उजेड आणि मनात वादाची चुरस असेल तर झोप आणखी लांबते. डोकेदुखीचे उत्तर इथेच मिळाले, असे मला वाटले. तरी सवयीने आणखी एक प्रश्न विचारला, "ज्या रात्री वाद नसतो, त्या रात्री झोप लवकर लागते का?"

मुलगा खाली पाहू लागला. "नाही लागत." आईंना बाहेर बसायला सांगितले, तेव्हा हळूहळू उलगडा झाला. दोन वर्षे अभ्यास करूनही हव्या त्या शाखेला प्रवेश मिळाला नव्हता. घरात तो विषय निघाला की सगळे गप्प होत. अंथरुणावर पडले की तेच विचार येत, म्हणून तो फोन हाती घेत असे. वादामुळे झोप जात होती हे खरे. पण झोप येत नाही म्हणून वाद सुरू होत होता, हेही तितकेच खरे होते. जीव नकोसा झाल्याचे विचार येतात का, हेही मी स्पष्टपणे विचारले. तसे नव्हते. असा प्रश्न विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो, हा गैरसमज आहे.

झोपेची गोळी दिली नाही. त्याच्या संमतीने आईंना आत बोलावले आणि प्रवेशाविषयी घरात मोकळेपणाने बोलावे, असे सुचवले. रात्री साडेदहानंतर फोन बैठकीच्या खोलीत ठेवायचा, अगदी आईवडिलांचेसुद्धा. उठण्याची वेळ रोज एकच. आणि वाद संध्याकाळी, हवा तेवढा. दोन आठवड्यांनी तो पुन्हा आला तेव्हा डोकेदुखी बरीच कमी होती. वडिलांनी त्याच्यासोबत बसून दुसऱ्या अभ्यासक्रमांची माहिती काढली होती. प्रश्न सुटला नव्हता, पण तो आता एकट्याचा राहिला नव्हता.

आपल्या घरी असा वाद चालत असेल, तर आधी तो काय आहे हे विचारा आणि दहा मिनिटे मध्ये न बोलता ऐका. उदासपणा, आवडत्या गोष्टींतून मन उडणे, जेवण किंवा झोप बिघडणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना भेटा. स्वतःला इजा करण्याचे बोल कानी आले, तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी भेटा आणि तोवर मुलाला एकटे सोडू नका. शासनाची 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा दिवसरात्र उपलब्ध आहे.