शाल दिली, पट्टा कुठं आहे?



१७ सप्टेंबर १९९८ ला मराठवाडा मुक्तीला पन्नास वर्षं झाली. सुवर्णमहोत्सव म्हणून त्या वर्षी तालुक्याच्या गावी मोठा मांडव पडला आणि आपल्या डोंगरातल्या एका म्हाताऱ्या बाबांना गाडी पाठवून आणलं गेलं. रझाकाराच्या काळात पैनगंगेपलीकडून, उमरखेडच्या कॅम्पातून येणाऱ्यांना बाबांनी रात्रीची वाट दाखवली, भाकरी पोचवली. गुड्यावर हे लहान पोरालाही माहीत आहे. शाल झाली, नारळ झाला, सन्मानपत्र झालं, फोटो निघाला. खाली उतरताना बाबा साहेबाला म्हणाले, "साहेब, शाल बेस हाय, डोंगरात थंडी लई पडते. पर माझ्या पट्ट्याचं काय झालं?" साहेब हसले. माइकवाल्यानं पुढचं नाव पुकारलं.

पट्ट्याचं झालं ते असं. २७ डिसेंबर १९७८ च्या जीआरप्रमाणे ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं कायम व्हायची होती. बाबांचा अर्ज परत आला. शेरा काय, तर कबजा त्या तारखेच्या आधीचा असल्याचा पुरावा नाही. म्हणजे एका कागदावर सरकार म्हणतं, हा माणूस १९४८ साली याच डोंगरात राहून देशासाठी झटला. दुसऱ्या कागदावर तेच सरकार म्हणतं, हा १९७८ ला इथं होता कशावरून? दोन्ही कागद बाबांच्या एकाच पिशवीत आहेत.

मानपानाची ही रीत जुनी आहे. निजामाच्या दरबारात जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह अशी किताबांची चढती शिडी होती. हिंदू बड्यांना राजा, राजाबहादूर. खुद्द निजामाला इंग्रजांनी १९१८ साली 'हिज एक्झाल्टेड हायनेस' केलं आणि वर विश्वासू दोस्त म्हटलं. पण तिथं लपवाछपवी नव्हती. बड्या किताबवाल्याच्या मागं बहुतेक जहागीर नाहीतर इनाम असायचंच. मान त्याचा, घाम आपला.

आणि मुक्तीनंतर? ज्याच्या राज्यातून सुटलो तोच निजाम २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबादचा राजप्रमुख, हाली सिक्क्याचे ५० लाख रुपये सालीना तनखा घेऊन. त्याला कुणी पुरावा मागितला नाही.

घटनेच्या १८व्या कलमानं किताब बंद केले. १९५४ साली भारतरत्न आणि पद्म सुरू झाले. १९७७ ला मोरारजींच्या सरकारनं ते थांबवले, १९८० ला इंदिराबाईंनी पुन्हा चालू केले. १९९५ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्ट म्हणालं की हे किताब नव्हेत, फक्त नावाच्या मागंपुढं लावू नका. (आपल्याकडचे सत्काराचे बोर्ड वाचून पाहा.) १९९२ च्या पद्मविभूषणाच्या यादीत आपले गोविंदभाई श्रॉफ होते, तेलंगणाचे रावी नारायण रेड्डी होते, कवी काळोजी होते. तिघंही निजामाशी लढले, त्यांच्या मानाबद्दल आपली तक्रार नाही. पण जोडेघाटचे कुमरम भीमू कुठल्या यादीत आहेत? १९४० साली निजामाच्या पोलिसांच्या गोळीनं ते पडले. आपलं किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, म्हणजे ते आपल्याच जिल्ह्यातले. लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीचं नाव शाळेतल्या पोराला पाठ असतं. त्याच पोराला जोडेघाट विचारा.

पेन्शनीचंही तेच. १९७२ ला ताम्रपट वाटले, पेन्शन सुरू झाली. अट सहा महिने तुरुंगाची. पुढं बायांना आणि दलित-आदिवासींना सूट देऊन तीन महिने केली. मेहरबानी! पण तुरुंगाचा दाखला, वॉरंट, नाहीतर मोठ्या स्वातंत्र्यसैनिकाचं प्रमाणपत्र पाहिजेच. ज्यानं रात्री वाट दाखवली त्याचं काम तर असं, की कुठं नाव लागलं असतं तर मेलाच असता. कोलामाच्या पोडावर वॉरंट घेऊन कोण आलं होतं? रझाकार आले ते थेट घर जाळायला.

लष्करी पदकांचा मामला वेगळा वाटतो. अल्बर्ट एक्का उरांव आदिवासी, १९७१ च्या लढाईत पडले, परमवीर चक्र मिळालं. तिथं शौर्याला साक्षीदार असतात. आणि अनेक राज्यांत अशा पदकाबरोबर जमीन किंवा जमिनीऐवजी रोख द्यायची रीत आहे. म्हणजे खरा मान जमिनीत असतो हे सरकारला चांगलं कळतं.

आता आपल्यातल्या काही तरुण साथींशी भांडण. ते म्हणतात, कुमरम भीमूंना भारतरत्न मागू, सह्यांची मोहीम काढू. माझा याला साफ विरोध आहे. भीमूंनी काय मागितलं होतं? जोडेघाटच्या आसपासच्या बारा गावांच्या जमिनीचे पट्टे. जंगलावर आणि पाण्यावर हक्क. त्यांनी स्वतःसाठी मान मागितला नव्हता. उद्या दिल्लीनं खरंच पदक दिलं, तर पुतळा उभा राहील, मंत्री येतील, आणि पुतळ्याच्या मागच्या शेतात फॉरेस्टचा गार्ड बैल सोडून नेत असेल. सरकारला यापेक्षा स्वस्त सौदा कुठला? पदकाची मोहीम काढायला ताकद आहे, मग १९७४ च्या कायद्याखाली परत मिळायच्या जमिनींच्या केसेस पडून आहेत तिकडं ती ताकद का लागू नये? रागावू नका, पण उत्तर द्या.

कोजागिरीच्या पुनवेला भीमूंच्या आठवणीसाठी आपली माणसं जोडेघाटला जातील. त्याआधी प्रत्येक गुड्यानं आणि पोडानं फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या, एक-ई चे उतारे, जुन्या पहाणीचे कागद गोळा करून ठेवायचे, दोन-दोन झेरॉक्स काढायच्या. बाबांचा अर्ज आपण पुन्हा टाकतोय. या खेपेला सोबत ते सन्मानपत्र आणि मांडवातला फोटो जोडलाय. ही कल्पना बाबांचीच. म्हणाले, "फोटू सरकारनंच काढला हाय. मी हितंच होतो, येवढं तरी मानतील का न्हाई?" शाल मात्र त्यांनी ठेवून घेतली आहे.