खारीचा वाटा

यशोधर राजाची कथा जैन घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली जात आहे. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलकचम्पू'त ती विस्ताराने आली आहे. जिवंत प्राण्याचा बळी देण्यास राजा तयार नव्हता. परंतु मातेच्या आग्रहापुढे नमून त्याने पिठाचा कोंबडा करविला आणि तो देवीपुढे कापला. रक्ताचा थेंब सांडला नाही, कोणाचा प्राण गेला नाही. तरीही माता-पुत्रांना तिर्यंच गतीत जन्मामागून जन्म घ्यावे लागले. कोंबडा पिठाचा होता, पण मारण्याचा संकल्प खरा होता, हे या कथेचे सार.

आजच्या घरात ही कथा एका अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडते. मुलांच्या हातातील पडद्यावर काल्पनिक प्राण्यांच्या झुंजी चालतात. वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही आणि मुलांचे उत्तर ठरलेले असते : "ते खरे थोडेच आहेत!" यशोधराची कथा ज्याने ऐकली आहे, त्याला हे उत्तर पुरेसे वाटणार नाही. प्राणी खरे नाहीत हे मान्य. पण खेळणाऱ्याच्या मनातील भाव तर खरे असतात. तेव्हा पाहावयाचे ते पडद्याकडे नव्हे, भावाकडे. आणि भाव पाहावयाचा, तर खेळ आतून कसा आहे हे आधी समजून घ्यावयास हवे.

या खेळांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'पोकेमॉन'. तो जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी प्रथम विक्रीस आला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना बालपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. त्या छंदातूनच विविध जीव शोधण्याची, बाळगण्याची आणि मित्रांशी अदलाबदल करण्याची ही कल्पना उगवली. खेळात प्राणी मरत नाही, मूर्च्छित होतो आणि उपचारांनी पुन्हा उभा राहतो. तरीही श्रावकाच्या दृष्टीला खटकणाऱ्या दोन गोष्टी त्यात आहेत. एक, मुक्त जीवाला पकडून बाळगणे. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत 'बंध' पहिला मोजला आहे. दुसरी, जितके प्रकार असतील तितके सारे आपल्याजवळ असावेत ही हाव. २०१४ पर्यंतच या प्राण्यांचे प्रकार सातशेहून अधिक झाले होते.

स्पर्धेचे मैदान मात्र निराळे आहे. तेथे संग्रहाला किंमत नाही, निवडीला आहे. जागतिक स्पर्धेच्या नियमांनुसार खेळाडू केवळ सहा प्राणी आणतो आणि त्यांपैकी चारच एका सामन्यात उतरवितो. दोन्ही बाजूंचे दोन-दोन प्राणी एकाच वेळी समोरासमोर असतात. प्रत्येक प्राण्याला चार चाली आणि एक वस्तू, याहून अधिक काही नाही. जीवनशक्ती, आक्रमण, संरक्षण, विशेष आक्रमण, विशेष संरक्षण आणि वेग अशी सहा अंगे असतात. ती वाढविण्यासाठी सरावाचे एकूण ५१० गुण मिळतात. त्यांतील २५२ हून अधिक एका अंगाला देता येत नाहीत. शिवाय प्राण्याचा स्वभाव बहुधा एक अंग दहा टक्क्यांनी वाढवितो आणि दुसरे तितकेच घटवितो. म्हणजे काही मिळवावयाचे तर काही सोडावेच लागते. सगळी योजना या मर्यादेतून जन्मते.

या योजनेचा एक उत्कृष्ट नमुना ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे पाहावयास मिळाला. दक्षिण कोरियाचे सेजुन पार्क त्या वर्षी मास्टर्स गटात जगज्जेते ठरले. त्यांच्या संघात गायराडोस आणि गारचॉम्पसारखे बलाढ्य प्राणी होतेच. पण जगभराच्या लक्षात राहिली ती पाचिरिसू नावाची एक लहानशी खार. ठिणगीच्या 'पाचिपाची' आवाजावरून आणि खारीसाठी असलेल्या 'रिसू' या जपानी शब्दावरून तिचे नाव घडले आहे. गारचॉम्पच्या सहा अंगांची मूळ बेरीज ६००, तर या खारीची ४०५. त्यातही तिचे आक्रमण अवघे ४५. अशा उंचीच्या स्पर्धेत तिला कोणी आणील, असे कोणाच्या मनातही नव्हते.

पार्क यांनी तिच्याकडून आक्रमणाची अपेक्षाच ठेवली नाही. सरावाचे गुण त्यांनी जीवनशक्ती आणि संरक्षण या दोन अंगांना पुरेपूर दिले. स्पर्धेत सर्व प्राणी पन्नासाव्या पातळीवर खेळतात. त्या पातळीवर, जन्मजात गुण पूर्ण धरल्यास, खारीची जीवनशक्ती १३५ वरून १६७ होते. संरक्षण ९० वरून १२२ आणि अनुकूल स्वभावामुळे १३४ वर जाते. त्या स्वभावाने विशेष आक्रमण घटते. पण तिच्या चारही चालींपैकी एकीलाही ते लागत नाही. जे वापरावयाचेच नाही ते सोडून दिले आणि जे लागणार आहे ते बळकट केले.

तिच्या चार चालीही अशाच विचाराने निवडलेल्या होत्या. 'फॉलो मी' या चालीने समोरचे वार साथीदारावरून वळून तिच्या अंगावर येतात. दोघांवर एकदम पडणारे वार मात्र या चालीने वळत नाहीत. तेवढी तिची मर्यादा. 'नझल'ने प्रतिस्पर्ध्याला इजा थोडी होते, पण तो लुळा होऊन त्याचा वेग मंदावतो. 'सुपर फँग' समोरच्याची त्या क्षणी उरलेली जीवनशक्ती निम्मी करते. त्यासाठी स्वतःच्या अंगी बळ असावे लागत नाही. चौथी चाल 'प्रोटेक्ट', म्हणजे त्या फेरीपुरते स्वतःला झाकून घेणे. जवळच्या सिट्रस बेरी या फळाने निम्म्यावर आलेली जीवनशक्ती थोडी भरून निघते.

आता या सगळ्याचे मर्म पाहावे. पाणी आणि उड्डाण या दोन प्रकारांच्या गायराडोसवर विजेचा वार चौपट परिणाम करतो. प्रतिस्पर्धी तोच वार साधू पाहणार, हे उघड होते. पाचिरिसूच्या अंगी मात्र वीज शोषून घेण्याचा गुण आहे. विजेच्या वाराने तिला इजा होत नाही, उलट तिची पाव जीवनशक्ती भरून येते. म्हणजे जो वार साथीदाराला घातक ठरावा, तो खारीने स्वतःवर ओढून घ्यावा आणि पचवावा, ही योजना. तेवढ्या अवकाशात गायराडोसला आपले काम निर्वेध करता येते. अंतिम सामन्यातही ही खार मैदानात होती. मराठीत 'खारीचा वाटा' म्हणजे अल्प वाटा. वॉशिंग्टनमध्ये मात्र हा वाटा जगज्जेतेपदाच्या तोलाचा ठरला.

यावरून खेळ निर्दोष ठरतो, असे म्हणणे घाईचे होईल. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती आहे. निष्प्रयोजन पापप्रवृत्तीपासून दूर राहावे, असे ते व्रत सांगते. आणि त्यातील 'अपध्यान' म्हणजे दुसऱ्याच्या पराजयाचे, वधाचे, हानीचे चिंतन. स्पर्धेचा खेळ या उंबरठ्यावरच उभा असतो. एकच मुलगा एका दिवशी 'साथीदाराला कसे वाचवावे' याचा विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी 'त्याला कसे चिरडावे' याचा. पडद्यावरील चित्र दोन्ही दिवशी तेच असते. पिठाचा कोंबडा नैवेद्यासाठी घडविला की कापण्यासाठी, हे पीठ सांगत नाही. हात घालणाऱ्याचे मन सांगते.

म्हणून घरात सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक या दोन्हींपेक्षा चौकशी बरी. चार कषायांची कसोटी येथे सहज लावता येते. हरल्यावर यंत्र आपटले जाते, जेवण टाकले जाते, तर तो क्रोध. जिंकल्यावर धाकट्या भावंडाची खिल्ली उडविली जाते, तर तो मान. हार टाळण्यासाठी नियम मोडले जातात, तर ती माया. प्राणी हवा, मग त्याहून दुर्मीळ हवा, त्यासाठी आईवडिलांचे पैसे हवेत, तर तो लोभ. यांतील एकही लक्षण वारंवार दिसू लागले की खेळ थांबविण्यास दुसरे कारण लागत नाही. आणि पैज लावून खेळ सुरू झाला, तर तो खेळच राहत नाही. सप्त व्यसनांतील पहिले, द्यूत, घरात शिरलेले असते.

ही लक्षणे नसतील, तर मुलाच्या योजनेत थोडे लक्ष घालण्यात कमीपणा नाही. "आज किती जिंकलास?" या प्रश्नाने मुलाची नजर गुणफलकावर जाते. "या प्राण्याला हे अंग का दिलेस? काय सोडलेस? तो कोणासाठी उभा आहे?" या प्रश्नांनी ती विचाराकडे वळते. ५१० गुणांत भागविणे, चारच चाली निवडणे, अनावश्यक ते वगळणे हा परिमाणाचाच अभ्यास आहे. मात्र तो पडद्यापुरता राहिला तर वाया जातो. जे मूल खारीचे गुण इतक्या विचाराने वाटते, त्याला आपल्या दिवसाचे तासही तसेच वाटता येतील. देशावकाशिक व्रतात श्रावक ठरावीक काळापुरती आपल्या हालचालीची सीमा आखून घेतो. त्याच धर्तीवर खेळाची वेळ मुलानेच आखावी, कागदावर लिहावी आणि पाळावी. पर्युषणाच्या दिवसांत ती स्वेच्छेने शून्यावर आणावी. ती सीमा बाहेरून लादली तर मोडली जाते. स्वतः आखली तर तिचे व्रत होते.

यशोधराच्या मातेने आग्रह धरला आणि राजाने तो मानला. त्या घरात 'हे कशासाठी?' असा प्रश्न शेवटपर्यंत कोणी लावून धरला नाही. आजच्या घरांना तो प्रश्न विचारण्याची सवड आहे, आणि उत्तर देण्याइतकी समज मुलांपाशी आहे.