आंब्याचा वेळ कुठे जातो? मालवण-देवगडच्या बागेपासून वाशी आणि परदेशापर्यंत

मे २०२५ मध्ये विमानाने अमेरिकेला गेलेल्या भारतीय आंब्याच्या किमान १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथे नाकारल्या गेल्या. फळांत कीड सापडली म्हणून नव्हे. नवी मुंबईतील केंद्रात ८ आणि ९ मे रोजी झालेल्या विकिरण प्रक्रियेच्या कागदपत्रांत त्रुटी आहेत, असे तेथील अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. माल परत आणणे परवडणारे नसल्याने निर्यातदारांनी तो तिथेच नष्ट केला. त्यांच्या अंदाजाने नुकसान सुमारे ५ लाख डॉलरचे होते.

यातून सिंधुदुर्गातील बागायतदारांनी घ्यायचा बोध असा, की चांगले फळ पिकवणे हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे म्हणजे लॉजिस्टिक्स : मालाची ने-आण, साठवण, तपासणी आणि कागदपत्रे. जागतिक बँकेच्या २०२३ च्या लॉजिस्टिक्स निर्देशांकात १३९ देशांत भारत ३८ वा होता, २०१८ मध्ये ४४ वा. सीमाशुल्क, पायाभूत सुविधा, जहाज-विमानाची सोय, सेवेचा दर्जा, मालाचा माग आणि वेळेवर पोच अशा सहा गोष्टींवर हा क्रमांक ठरतो. रस्ते आणि बंदरे या सहांपैकी फक्त एका गोष्टीत येतात.

रस्ता सुधारला, थांबणे राहिले

जिल्ह्यात १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते. महामार्गाचा खारेपाटण ते झाराप टप्पा चौपदरी झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी विमानतळ सुरू झाला आणि जानेवारी २०२३ पासून सीमेपलीकडे मोपाही सुरू आहे. मालवणहून वाशी सुमारे पाचशे किलोमीटर. संध्याकाळी निघालेली गाडी एका रात्रीचा प्रवास करते.

पण फळाचा वेळ गाडीत बसल्यापासून मोजायचा नसतो. तो देठ तुटल्यापासून सुरू होतो. काढणी, बागेतला ढीग, प्रतवारी, पेटी भरणे, गाडी पूर्ण भरेपर्यंत थांबणे, बाजारात उतरणे या सगळ्यात एप्रिल-मेच्या उन्हाचे कित्येक तास जातात. तापलेल्या जमिनीवर फळ पडून राहिले तर साक्याचा धोका वाढतो, पिकण्याची क्रिया वेगाने सुरू होते आणि टिकवण कमी होते. नंतर शीतगृहात ठेवून हे गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

याचा हिशेब साधा आहे. पाच डझनांच्या पेटीत एक डझन फळ खराब निघाले तर विकण्याजोगा माल २० टक्क्यांनी घटतो. भाडे आणि हमाली मात्र पूर्ण पेटीची कापली जाते. म्हणजे पट्टीत हातात येणारी रक्कम २० टक्क्यांपेक्षा जास्त घटते.

निर्यातीच्या अटी देशागणिक वेगळ्या

- अमेरिका : किमान ४०० ग्रे मात्रेची विकिरण प्रक्रिया.
- जपान : ४७.५ अंश सेल्सिअसला २० मिनिटे बाष्प उष्णता प्रक्रिया.
- युरोपीय संघ : ४८ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात ६० मिनिटे प्रक्रिया. फळमाशीमुळे २०१४ च्या मे महिन्यात तिथे आपल्या आंब्यावर बंदी आली होती. ती जानेवारी २०१५ मध्ये उठवण्याचा निर्णय झाला.

साखळीतील एक दुवा अडला की सगळे अडते. कोरोनाच्या काळात अमेरिकी निरीक्षक भारतात येऊ शकले नाहीत, म्हणून २०२० आणि २०२१ चे हंगाम अमेरिकेसाठी वाया गेले. निर्यात २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. फळ तेच होते, विमानेही होती. सही करणारा माणूस नव्हता.

जिल्ह्याला आधी काय हवे?

विमानतळ जवळ आला म्हणून निर्यात जवळ येत नाही. प्रक्रिया, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि सीमाशुल्क तपासणी जिथे एकत्र होते, तिथेच माल जावा लागतो. विकिरण केंद्र प्रत्येक जिल्ह्यात व्हावे, ही मागणी रास्त वाटली तरी अशा केंद्राला वर्षभर पुरेल इतका माल लागतो. आपला हंगाम दोन-तीन महिन्यांचा. शिवाय बहुतेक आंबा आजही देशातच विकला जातो.

म्हणून पहिला खर्च देशी आणि परदेशी दोन्ही मालाला उपयोगी पडेल अशा सुविधांवर व्हावा : गावपातळीवर सावलीचे संकलन केंद्र, तालुक्याला पूर्वशीतकरण आणि तिथून निघणारी वातानुकूलित गाडी. देवगडजवळ जामसंडे येथे कृषी पणन मंडळाचे आंबा निर्यात सुविधा केंद्र आहे. नव्या इमारतीची मागणी करण्याआधी मालवण, वेंगुर्ले, कणकवलीचा माल तिथपर्यंत गटाने कसा नेता येईल, हे पाहावे.

बागायतदारांनी काय करावे

- फळ ८० ते ८५ टक्के पक्वतेला, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, झेल्याने देठासह काढावे. ढीग सावलीत, गवताच्या थरावर करावा.
- बागेत क्रेट वापरावेत. फळे एकावर एक ओतू नयेत.
- आठ-दहा बागायतदारांनी काढणीचे वार ठरवून घ्यावेत. गाडी एकाच ठिकाणी भरली की थांबण्याचे तास वाचतात आणि भाडे ठरवताना गटाचा शब्द चालतो.
- निर्यातीचा विचार असेल तर हंगामाआधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मँगोनेट नोंदणी करावी. फवारणीची तारीख, औषध आणि मात्रा वहीत लिहावी.
- प्रत्येक पेटीवर बाग आणि काढणीची तारीख लिहावी. तक्रार आली तर दोष बागेत झाला की वाटेत, हे त्यावरूनच कळते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

येत्या हंगामात गावातील पाच बागांची एकेक खेप निवडा. काढणी, पेटीभरणी, गाडी निघणे आणि बाजारात पोचणे या चार वेळा, सोबत पट्टीतील कपात आणि खराब फळांची संख्या नोंदवा. सर्वांत जास्त तास कुठे गेले, हे त्या कागदावर दिसेल. संकलन केंद्र हवे की पूर्वशीतकरण, याचा प्रस्ताव अशा नोंदींसह गेला तर त्याला आधार राहतो आणि पैसा योग्य ठिकाणी लागतो.