हाड जोडलं, पण दुखणं कोण सांभाळणार? पायाच्या ऑपरेशननंतरच्या वेदनेचा प्रश्न

९ डिसेंबर २०२४ ची रात्र. कुर्ला स्टेशनहून अंधेरीकडे निघालेली बेस्टची ३३२ नंबरची इलेक्ट्रिक बस एस. जी. बर्वे मार्गावर गर्दीत घुसली. या अपघातात नऊ जणांचा जीव गेला, चाळीसच्या आसपास माणसं जखमी झाली. ३३२ ही साकीनाक्याच्या लोकांची रोजची बस. सफेद पूल, साकीनाका, मरोळ नाका या पट्ट्यातला कामगार याच बसने ये-जा करतो.

अशा अपघाताच्या बातमीत मृतांचा आकडा येतो, ड्रायव्हरवर चर्चा होते, मदत जाहीर होते. "जखमी" हा शब्द मात्र एका ओळीत संपतो. अंधेरी-कुर्ला रोडवर रोज कुणीतरी बाइकवरून पडतं, खैरानी रोडच्या गाळ्यांमध्ये कुणाच्या पायावर लोखंड पडतं. मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं, रॉड किंवा प्लेट बसते. चार-पाच दिवसांत पेशंट घरी येतो. खरी परीक्षा तिथून सुरू होते, कारण दुखणं त्याच्यासोबत घरी आलेलं असतं.

इतकं दुखतं का?

हाडाच्या वरचं पातळ आवरण मज्जातंतूंनी भरलेलं असतं. हाड मोडलं की ते फाटतं. आजूबाजूचे स्नायू आखडतात, रक्त साचतं, सूज येते. ऑपरेशनमध्ये हाड जागेवर बसवण्यासाठी त्वचा आणि स्नायू पुन्हा कापावे लागतात. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस दुखणं सर्वांत जास्त असतं आणि पुढच्या काही आठवड्यांत ते हळूहळू उतरतं. हाड पूर्ण जुळायला मात्र काही महिने लागतात. नडगीच्या हाडाला चार ते सहा महिनेही लागू शकतात.

"थोडं सहन करा" यात चूक काय?

आपल्याकडे दुखणं सोसणं हा मोठेपणा समजला जातो. पण पाय दुखतो म्हणून माणूस हलत नाही. हलला नाही की गुडघा आणि घोटा आखडतो. पोटरीच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. झोप लागत नाही, जेवण जात नाही, व्यायाम टाळला जातो. सहा महिन्यांनी एक्स-रेमध्ये हाड छान जुळलेलं दिसतं, पण गुडघा वाकत नाही आणि रोजंदारीवर परत जाता येत नाही. म्हणून दुखणं आवरणं हा उपचाराचाच भाग आहे.

डॉक्टर दुखणं कसं आवरतात?

एकाच जोरदार गोळीवर भर देण्याऐवजी वेगवेगळ्या प्रकारे काम करणारी औषधं थोडी थोडी एकत्र वापरायची, अशी आजची पद्धत आहे.

- पायाची नस बधिर करणारं इंजेक्शन: ऑपरेशनच्या वेळी दिलेलं हे इंजेक्शन काही तास पाय सुन्न ठेवतं. त्याचा असर उतरला की दुखणं एकदम उसळतं. त्यामुळे पुढची गोळी कधी घ्यायची हे आधीच विचारून ठेवा.
- पॅरासिटामॉल: हा पाया. ही गोळी ठरलेल्या वेळेला घेतली तर जास्त उपयोगी पडते.
- सूज उतरवणारी औषधं: डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफिनॅक वगैरे. ती थोडे दिवस आणि जेवणानंतर घ्यायची असतात.
- ट्रामाडॉलसारखी कडक औषधं: पहिल्या काही दिवसांपुरती. मळमळ, बद्धकोष्ठता आणि गुंगी हे त्यांचे नेहमीचे त्रास. त्यांच्यासोबत दारू किंवा झोपेची गोळी घेतली तर श्वास मंदावू शकतो.

याच्या जोडीला बिनपैशाचे उपायही आहेत. पाय उशांवर छातीपेक्षा थोडा उंच ठेवा. कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा, तो थेट कातडीवर नको आणि ड्रेसिंग भिजू देऊ नका. फिजिओथेरपीच्या व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास गोळी घेतली तर व्यायाम सोसवतो. आणि तंबाखू, मिश्री, विडी बंद. निकोटिनमुळे हाड जुळायला उशीर होतो.

कडक औषधं सहज का मिळत नाहीत?

यामागे कायद्याचा इतिहास आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे देशात मॉर्फिनचा वैद्यकीय वापर झपाट्याने घसरला. गंमत अशी की भारत हा कायदेशीर अफूची शेती करणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक, तरी इथल्याच रुग्णाला मॉर्फिन मिळणं अवघड झालं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिन, फेंटानिलसह सहा औषधांसाठी नियम सोपे करण्यात आले. पण नशेसाठी वापर वाढल्याने २०१८ मध्ये ट्रामाडॉलही याच कायद्याच्या कक्षेत आलं.

सरकारची भीती खोटी नाही. अमेरिकेत वेदनाशामक गोळ्या सैल हाताने दिल्या गेल्या आणि लाखो लोकांचे जीव गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या एका कंपनीच्या टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचं बीबीसीने उघड केलं. त्यानंतर भारताने या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात बंद करण्याचे आदेश दिले.

म्हणजे एकीकडे नशेची भीती, दुसरीकडे वॉर्डात कण्हणारा पेशंट. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मोजून दिलेल्या तीन-चार दिवसांच्या डोसने व्यसन लागण्याची शक्यता कमी असते. धोका वाढतो तो चिठ्ठी संपल्यावरही आपल्या मनाने गोळ्या चालू ठेवल्या तर.

मेडिकलच्या काउंटरवरचा धोका

घरी आल्यावर बहुतेकांचा डॉक्टर म्हणजे गल्लीतलं मेडिकल. "दुखण्याची गोळी द्या" म्हटलं की पट्टी हातात येते. इथे तीन चुका होतात.

पहिली, एकच औषध दोनदा पोटात जातं. दुखण्याच्या अनेक मिश्र गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच. त्यावर तापाची म्हणून ६५० ची वेगळी गोळी घेतली की दिवसाची बेरीज वाढत जाते. मोठ्या माणसासाठी वरची मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम आहे. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल तर त्याहूनही कमी. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचायची ती यासाठी.

दुसरी, सूज उतरवणाऱ्या दोन गोळ्या एकत्र किंवा महिनोन् महिने घेणं. याने पोटात अल्सर होऊ शकतो आणि किडनीला इजा होते. शुगर, बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

तिसरी, जास्त पॉवरची गोळी म्हणजे जास्त आराम हा समज. लिव्हरच्या धोक्यामुळे डिसेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्र सरकारने निमेसुलाइडच्या १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्षमतेच्या, लगेच असर करणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. १२ वर्षांखालील मुलांसाठी हे औषध २०११ पासूनच बंद आहे.

सरकारी योजना कुठपर्यंत पुरतात?

मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना आहे. तिच्यात दीड लाखापर्यंतचे उपचार मिळतात, पण अपघातापासून सात दिवसच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन होतं आणि डिस्चार्जनंतर साधारण दहा दिवसांची औषधं धरलेली असतात. महापालिकेने २०२४ मध्ये बाहेरून औषध आणायला लागू नये म्हणून 'झिरो प्रिस्क्रिप्शन' धोरण जाहीर केलं.

या तिन्ही गोष्टी कामाच्या आहेत. पण त्यांचा हिशोब ऑपरेशनभोवती फिरतो. फिजिओथेरपी, वॉकर, कमोड खुर्ची, बुडालेली रोजंदारी हे सगळं त्यानंतरच्या तीन महिन्यांतलं असतं. असल्फाच्या डोंगरावरच्या पायऱ्या, काजूपाड्यातल्या पोटमाळ्याची लोखंडी शिडी किंवा गल्लीच्या टोकाचं सार्वजनिक शौचालय डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं नसतं. "पायावर वजन देऊ नका" हा सल्ला तिथे पाळायचा कसा, याचं उत्तर घरच्यांनाच शोधावं लागतं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दुखणं लांबतं, त्यात या गोष्टींचाही वाटा आहे.

हे दिसलं तर थांबू नका

काही दुखणी गोळीने दाबायची नसतात. पुढचं काही दिसलं तर लगेच हॉस्पिटल गाठा:

- औषध घेऊनही दुखणं वाढतच जातंय, पोटरी दगडासारखी कडक झाली आहे, बोटं ताणली की कळ येते, पाय बधिर पडतोय. स्नायूंच्या आतला दाब वाढल्याची ही लक्षणं असू शकतात आणि इथे काही तासांत पाय निकामी होऊ शकतो.
- पोटरीला अचानक सूज येते आणि ती गरम लागते, किंवा छातीत दुखून दम लागतो.
- ताप, टाक्यांतून पू, वाढत जाणारी लाली.
- प्लास्टर घट्ट होऊन बोटं निळी-काळी पडतात.

डिस्चार्जच्या दिवशी विचारायचे पाच प्रश्न

कोणती गोळी वेळेवर घ्यायची आणि कोणती फक्त दुखलं तरच? प्रत्येक गोळी किती दिवस? पायावर वजन कधीपासून द्यायचं? व्यायाम कोणते? रात्री त्रास वाढला तर कुणाला फोन करायचा? उत्तरं कार्डवरच मराठीत किंवा हिंदीत लिहून मागा. स्वस्त औषधांसाठी जनऔषधी केंद्रात त्याच नावाचं जेनेरिक आहे का ते बघा.

आणि वॉर्डात कुणी "शून्य ते दहात किती दुखतंय?" असं विचारलं तर लाजून "ठीक आहे" म्हणू नका. जो आकडा असेल तो सांगा. तुमचा डोस त्याच आकड्यावरून ठरतो.