दारावरचा डोळा आणि ‘कोण तुम्ही?’ हा जुनाच प्रश्न

साताऱ्यातील आमच्या घराच्या दाराला आम्ही अलीकडेच कॅमेऱ्याची घंटा बसवली. बटण दाबले की बाहेरच्या माणसाचे चित्र आमच्या मोबाइलवर येते. आम्ही गावात असो वा नसो, त्याच्याशी बोलता येते. बटण न दाबता कोणी नुसते पायरीवर आले तरी त्याची चित्रफीत तयार होते. हे आम्ही हौस म्हणून केले नाही. ॲट्रॉसिटीचे खटले चालवणाऱ्या वकिलाच्या दारात ‘तडजोडी’साठी येणारी माणसे दिवसाउजेडी येत नसतात. रात्री अकराला दार वाजायचे आणि उघडून पाहावे तर जिन्यात कोणी नसायचे. घरच्यांनी हट्ट धरला आणि आम्ही तो मानला.

घंटा बसवून आठवडा झाला असेल. आम्ही सांगलीच्या न्यायालयात पुकाऱ्याची वाट पाहत बसलो होतो. मोबाइल थरथरला. पाहतो तो आमच्या दारात एका खटल्यातील साक्षीदार मावशी उभ्या. गावाहून दोन एस.टी. बदलून आलेल्या. हातात कागदाची घडी. त्यांनी घंटेकडे पाहिले तसा तिचा निळा दिवा लागला. मावशी एक पाऊल मागे सरल्या, पदर सावरला, वर पाहिले आणि बटण न दाबताच पायऱ्या उतरू लागल्या. आम्ही घाईने मोबाइलवरून म्हणालो, ‘मावशी, थांबा!’ भिंतीतून आवाज आला तशा त्या अधिकच वेगाने निघून गेल्या. संध्याकाळी फोन केला तेव्हा म्हणाल्या, ‘सायेब, त्ये पोलिसांनी लावलंय आसं वाटलं मला. परत गावात नाव व्हायला नको म्हणून आले निघून.’ त्यांच्या हातातला कागद म्हणजे साक्षीसाठी आलेले समन्स होते.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आमच्या रक्षणासाठी लावलेल्या यंत्राने पहिल्याच आठवड्यात कोणाला परत पाठवले? धमकावणाऱ्याला नव्हे, आमच्याच माणसाला!

‘कोण तुम्ही?’ हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९०१ साली लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर याच साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुले मसूर स्टेशनावर उतरली, पण न्यायला कोणी आलेले नव्हते. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने विचारपूस केली आणि ‘महार’ हा शब्द कानी पडताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा कुठे बैलगाडी मिळाली. तीही मुलांनी स्वतः हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. पुढे १९१७ मध्ये बडोद्याला परदेशी पदव्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेत काठ्या घेतलेल्या डझनभर माणसांनी हाच प्रश्न विचारला आणि त्याच दिवशी जागा सोडायला लावली. चौकशी करणारा कधी नुसता चौकशी करत नाही. उत्तरानंतर दार उघडायचे की लावायचे, ही सत्ता त्याच्या हाती असते. आज ती सत्ता एका बटणात आली आहे, एवढाच फरक.

पण म्हणून यंत्रच वाईट, असा सोपा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. या यंत्राची जन्मकथा समाजबांधवांनी मुद्दाम समजून घ्यावी. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची कृष्णवर्णीय परिचारिका राहत होती. तिच्या कामाच्या वेळा अवेळी. वस्तीत गुन्हे वाढलेले आणि पोलीस बोलावले तरी वेळेवर येत नसत. १९६६ मध्ये तिने आणि तिचे पती अल्बर्ट यांनी मिळून दाराला चार भोके, त्यांतून सरकणारा कॅमेरा, आत पडद्यावर चित्र, बाहेरच्याशी बोलण्याची सोय, दूरवरून दार उघडण्याचे बटण आणि मदत मागण्याची घंटा अशी योजना आखली. १९६९ मध्ये तिला त्याचे पेटंट मिळाले. म्हणजे आज श्रीमंतांच्या दारावर मिरवणारी ही वस्तू मुळात राज्यसंस्थेने वाऱ्यावर सोडलेल्या एका काळ्या स्त्रीच्या गरजेतून सुचली. ज्यांचे मूळ घराणे आपल्या खटाव तालुक्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. ते नाते लक्षात घेता या शोधावर आपलाही थोडा हक्क आहे, असे आम्ही मानतो.

आणि गरज तर आपल्याला आहेच. ७ जुलै २०२० रोजी दादरच्या राजगृहावर हल्ला झाला. कुंड्या फोडल्या, काचांवर दगड मारले आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचीही मोडतोड केली. नंतर अटक झाली. पण बाबासाहेबांच्या वास्तूवर हात टाकणाराही कॅमेऱ्याला भितो, हे त्या दिवशी दिसले. साक्षीदार फितूर होतात, पंच फिरतात, जखमा भरून येतात. चित्रफीत सहसा फिरत नाही. मात्र कायद्याने ती टिकवावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यात हेच कलम ६५ब होते. जालन्याच्या निवडणूक याचिकेतून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रमाणपत्राची आवश्यकता ठामपणे सांगितली. म्हणून चित्रफीत कापू नका, तिच्यावर गाणे चढवू नका, व्हॉट्सॲपवर फिरवून मूळ पुसू नका. जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. शेजारच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर तो ताब्यात घ्यावा, असा लेखी अर्ज त्याच दिवशी पोलिसांना द्या आणि पोच घ्या.

दुसरी गोष्ट. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) मध्ये अपमान वा जातिवाचक शिवीगाळ ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ झालेली असावी लागते. २००८ च्या स्वरणसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इमारतीबाहेरची, रस्त्यावरून दिसणारी जागा यात धरली. २०२० च्या हितेश वर्मा खटल्यात मात्र चार भिंतींआडची, त्रयस्थ कोणी हजर नसताना झालेली घटना यात बसत नाही, असे म्हटले. तेव्हा दारात उभे राहून दिलेल्या शिवीला फार महत्त्व आहे. पण कॅमेऱ्याने पाहिले म्हणजे लोकांनी पाहिले, असे गृहीत धरू नका. ऐकणाऱ्या माणसांची नावे फिर्यादीत आलीच पाहिजेत.

कॅमेऱ्याला आणखीही मर्यादा आहे. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. हत्या सिद्ध झाली, शिक्षा झाल्या. पण २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाला आणि २०१० मध्ये नागपूर खंडपीठाला त्यात ॲट्रॉसिटीचा गुन्हा दिसला नाही! कॅमेरा काठी टिपतो, काठीमागची जात टिपत नाही. ती पाहायला न्यायासनावर बसणाऱ्याला डोळे असावे लागतात. ते कुठल्याही दुकानात विकत मिळत नाहीत.

आता खरा प्रश्न. डोळा कुठे हवा आणि लावला कुठे जातो? नोव्हेंबर २०१७ मध्ये याच सांगली शहरात एका तरुणाचा पोलीस कोठडीतील मारहाणीत मृत्यू झाला. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला आणि आरोपी पळून गेल्याचा बनाव रचला, असे तपासातून पुढे आले. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, आवाज टिपणारे कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. त्यानंतर पाच वर्षे होत आली तरी काय घडले? सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतील मृत्यू आणि ठाण्यांतील कॅमेऱ्यांच्या अभावाची दखल त्याच न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या मातेच्या वतीने ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले आणि ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. एक आई न्यायालयाची पायरी चढली, तेव्हा एवढे तरी झाले. आमच्या दारात मांजर आले तरी मोबाइल वाजतो आणि कोठडीत माणूस मेला तर चित्रण मिळण्यासाठी भांडावे लागते, हा कुठला न्याय?

ज्यांच्याकडे सत्ता आहे त्यांचे दार बंद आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्यावर डोळा, ही मनुवादी व्यवस्थेची जुनी रीत आहे. मोठ्या गृहसंस्थांत पाहा. कचरा नेणारी ताई, धुणीभांडी करणारी बाई, सामान पोचवणारा पोरगा यांच्याशी आता भिंतीतूनच बोलले जाते. ‘तिथेच ठेव’ म्हटले की दार उघडायला नको, पाणी विचारायला नको, तोंड पाहायला नको. विटाळाचे नाव न घेता विटाळ पाळण्याची सोय झाली. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, पण या सोयीला अद्याप कलम लागलेले नाही.

आणि आमच्या घंटेतले चित्रण जाते कुठे? कंपनीच्या यंत्रसाठ्यात. अमेरिकेतील रिंग कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या खासगी चित्रफिती पाहिल्याचा ठपका तेथील व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला आणि कंपनीने ५८ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयाने २०२१ मध्ये शेजारणीवर रोखलेल्या दारावरच्या कॅमेऱ्यांबाबत घरमालकाला दोषी धरले. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीचा घरगुती वापर बाहेरच ठेवला आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस ठाण्याचा अंमलदार चित्रण हजर करा, असा लेखी आदेश काढू शकतो. वकिलाशी झालेले बोलणे साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने सुरक्षित आहे. पण वकिलाच्या दारात कोण कोण आले, त्याची तारीखवार यादी आम्ही स्वतःच तयार करून ठेवत होतो! कार्यकर्त्याच्या घरची ही यादी उद्या कोणाच्या हाती पडेल, याचा विचार प्रत्येक कार्यकर्त्याने करावा.

मग आम्ही घंटा काढून टाकली का? नाही. घरच्यांची भीती खरी आहे. आम्ही चित्रण कंपनीकडे पाठवणे बंद केले आणि ते घरातल्याच कार्डावर ठेवले. कॅमेऱ्याचा रोख समोरच्या दारावरून काढून आमच्या पायरीपुरता केला. ‘येथे कॅमेरा आहे, तो आम्ही लावला आहे’ अशी ठळक मराठी पाटी लावली. संध्याकाळी सहा ते नऊ पक्षकारांची वेळ. त्या वेळात कॅमेरा बंद आणि दार उघडे, हा नियम केला. आणि पहिल्या रविवारी स्वतः गावी जाऊन मावशींना समन्सचा अर्थ समजावून सांगितला. हे काम मोबाइलवरून होण्यासारखे नव्हतेच.

समाजबांधवांना आमचे सांगणे एवढेच. घंटा जरूर लावा, पण चळवळीचे दार तिच्या स्वाधीन करू नका. जून २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातील बेडगला बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली आणि जुलैत तिथली आंबेडकरी कुटुंबे घरेदारे मागे टाकून मुंबईच्या दिशेने चालत निघाली. गावाच्या वेशीवरचे दारच ज्यांचे पाडले जाते, त्यांच्या घराच्या दाराला कोणती घंटा पुरणार? त्यांना पुरली ती एकमेकांची सोबत. म्हणून आपल्या भागातील पोलीस ठाण्यात कॅमेरे किती, चालू किती, चित्रण किती दिवस जपले जाते, हे माहिती अधिकारात लेखी विचारा. बाबासाहेबांना मसूरच्या फलाटावर, बडोद्याच्या धर्मशाळेत जो प्रश्न विचारला गेला, तो आता आपण कायद्याचे पुस्तक हाती घेऊन ठाण्याच्या दारात विचारू.

मावशी परवा पुन्हा आल्या. संध्याकाळचे सात वाजले होते. दार उघडे होते. त्यांनी घंटेकडे एकदा पाहिले आणि सरळ आत येऊन बसल्या. साक्षीला जाणार आहेत.

जय भीम!